प्रकाशाचा धक्का

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

दिव्याचा उजेड अंगावर पडला म्हणून कुणी मागे सरकत नाही. पण मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, प्रकाशाच्याच जोरावर अणूंना पळवण्याचे प्रयोग झाले आहेत. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. उजेडावर आम्ही कवींनी पुष्कळ लिहिलं, पण त्याच्या अंगात किती ताकद आहे हे शास्त्रज्ञांनी दाखवलं.

हा उजेड लेसरचा. त्याचा एक झोत जेमतेम ३० फेमटोसेकंद टिकतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्यात फक्त ९ मायक्रॉन जातो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. असा झोत थेट वाढवायला गेलं तर यंत्रातल्या काचाच खराब होतात. आमच्या भिवंडीत मागावरच्या सुताला एकदम हिसका बसला की ते तुटतं, तसंच. म्हणून जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ साली युक्ती काढली. झोत आधी ताणून लांब करायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी पुन्हा आवळायचा. २०१८ साली त्यांना याबद्दल नोबेल मिळालं.

हा झोत धातूच्या पातळ पत्र्यावर पडला की हलके इलेक्ट्रॉन आधी सुटतात आणि पत्र्यापलीकडे निघतात. इलेक्ट्रॉन गमावलेले अणू म्हणजे आयन. त्यांच्यावर धन भार असतो, म्हणून पुढे गेलेले इलेक्ट्रॉन त्यांना ओढून घेतात. ही ओढ मीटरला लाख कोटी व्होल्टच्या घरात जाते, नेहमीच्या त्वरक यंत्रांपेक्षा हजारो पटींनी जास्त. गंमत अशी, की पळणारे बरेचसे प्रोटॉन धातूचे नसतातच. पत्र्यावर पाण्याचा, तेलाचा जो अदृश्य थर बसलेला असतो, त्यातल्या हायड्रोजनचे ते असतात.

आता न्यूट्रॉन. १९३२ साली चॅडविक यांनी शोधलेल्या या कणावर भारच नसतो, त्यामुळे वीज त्याला ढकलू शकत नाही. मग वेगवान प्रोटॉन लिथियम किंवा बेरिलियमवर आदळवतात आणि तिथून न्यूट्रॉन उडतात. मागावर बाण्याचं सूत स्वतः धावत नाही. फटका धोट्याला बसतो. इथे प्रोटॉन म्हणजे धोटा. कुलाब्याच्या एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली याच्याच जवळचं काम प्रसिद्ध केलं. लेसरनं आरगॉनचे आयन पळवायचे आणि वाटेत त्यांना इलेक्ट्रॉन परत द्यायचे. भार जातो, वेग राहतो.

याचा उपयोग काय? न्यूट्रॉन लोखंडातून पार जातात, पण पाण्यातल्या, तेलातल्या हायड्रोजनपाशी अडखळतात. त्यामुळे बंद धातूच्या आतला ओलावा दिसू शकतो. औषधोपचारातले कित्येक किरणोत्सारी पदार्थही न्यूट्रॉनच्या माऱ्यानं बनतात. आज त्यासाठी तुर्भ्याच्या ‘ध्रुव’सारखी अणुभट्टी लागते, आणि अणुभट्टी गावोगावी बांधता येत नाही. लेसर एका दालनात मावतो. म्हणून ही आशा.

पण आशेला उपचार समजू नये. शरीरात खोल असलेल्या गाठीपर्यंत पोहोचायला प्रोटॉनची ऊर्जा २०० एमईव्हीच्या आसपास लागते. अमेरिकेत लिव्हरमोर इथे २००० साली लेसरनं ५८ एमईव्हीपर्यंत मजल मारली. तो आकडा पुढे वाढला आहे, पण रुग्णाला प्रत्येक झोतात अगदी मोजून तेवढीच मात्रा मिळायला हवी, आणि खरी अडचण तिथेच आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्रात प्रोटॉनचे उपचार होतात, ते मोठ्या त्वरक यंत्रावर, लेसरवर नव्हे.

आमच्याकडून लोकलचे धक्के खात परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी माणसं कमी नाहीत. ‘लेसर’ हा शब्द जाहिरातीत दिसला की त्यांचं मन चटकन विरघळतं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की प्रयोगशाळेतल्या या कामाचं कौतुक जरूर करा, पण उपचार मात्र डॉक्टर आज सांगतात तेच घ्या, आणि वेळेवर घ्या.