ब्लॉकेज नाही, तरी हार्ट फेल्युअर कसं?

"डॉक्टर, अँजिओग्राफी नॉर्मल आली, मग हार्ट फेल्युअर कसं?" ओव्याच्या दवाखान्यात नातेवाईक हा प्रश्न विचारतात. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदयाचा स्नायूच सदोष असू शकतो. या आजाराला कार्डिओमायोपथी म्हणतात. तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो.

स्नायूच्या पेशीत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे धागे असतात. मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडून ओढतात, तेव्हा हृदय आकुंचन पावतं. एका वेळी किती टोकांनी ओढायचं यावर लगाम ठेवणारं प्रथिन म्हणजे मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी. जनुकातल्या दोषामुळे हा लगाम सैल झाला, की जास्त टोकं ओढत राहतात. इंधन जास्त जळतं, स्नायू जाड होतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैलावत नाही. आत रक्त भरताना दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो. म्हणून इकोमध्ये पंपिंग ६० टक्के असलं तरी जिना चढताना दम लागतो. पुढे काहींच्या स्नायूत चट्टे पडतात आणि पंपिंगही घटतं.

हे जनुक आपल्यासाठी विशेष महत्त्वाचं आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २००९ च्या संशोधनात सुमारे ४ टक्के भारतीयांच्या या जनुकातली २५ अक्षरं गळलेली आढळली. त्यामुळे प्रथिनाचं शेवटचं टोक बदलतं आणि ते धाग्यात नीट बसत नाही. तरुणपणी पेशी असं प्रथिन मोडून साफ करते. वयानुसार सफाई मंदावते आणि त्रास उशिरा सुरू होतो, असं त्या संशोधकांचं मत होतं.

पण २५ जणांत एकाकडे असलेला बदल म्हणजे आजार नव्हे. त्याच जनुकात सोबत आणखी एक बदल असलेल्यांचं हृदय गरजेपेक्षा जोरात आकुंचन पावतं, असं नंतर दिसलं. तेव्हा नुसता जनुकीय अहवाल पाहून घाबरू नका.

घरात एकाला आजार निघाला, तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी व इको करा, त्रास नसला तरी. सदोष जनुक मुलात येण्याची शक्यता सहसा निम्मी असते. इको आज नॉर्मल आला तरी काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. जनुकीय तपासणी आधी रुग्णाची. त्यात दोष सापडला तरच इतरांची. सगळ्या घराचं 'पॅकेज' घेण्यात पैसे घालवू नका.

धावताना चक्कर किंवा बेशुद्धी आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थेट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.