वर्णपटाचे दप्तर

1958 साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात रसायनशास्त्राचे अध्ययन आरंभणाऱ्या विद्यार्थ्याने अवरक्त वर्णपटाच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर उघडताच पहिली दक्षता ही घ्यावी, की उपकरणाने दिलेली मूळ फाइल अस्सल दस्तऐवजाप्रमाणे अबाधित राखून सर्व संस्कार तिच्या नकलेवरच करावेत. उपकरणाची अचूकता तपासण्यासाठी पॉलिस्टायरीनच्या पातळ पापुद्र्याचे 1601 प्रति सेंटिमीटरचे शिखर यथास्थान आहे ना, हे पडताळावे. पारगम्यतेचे शोषणांकात रूपांतर करावे, कारण विरल द्रावणात संहतीशी समप्रमाणात असतो तो शोषणांकच. मग आधाररेषा सुधारावी. 1715च्या आसपास तीव्र शिखर दिसल्यास कार्बोनिल गटाचे अनुमान करता येते. परंतु आलेख अतिरेकाने गुळगुळीत केल्यास क्षीण शिखरे लोपतात, म्हणून प्रत्येक संस्काराची नोंद ठेवणे हेच शास्त्रीय सचोटीचे प्रथम लक्षण होय.