गावातली दुही आणि समुपदेशकाचे काम

हिंगोली–वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाका हे मराठवाड्याच्या अगदी कडेचे गाव असून तेथून पुढे वऱ्हाड लागते. अलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाकडे होता, तर वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. दोन राजवटींनी जातींच्या नोंदी आपापल्या रीतीने ठेवल्या, आणि त्यामुळे शेती, बोली व सोयरीक यांत फारसे अंतर नसलेल्या कुळांपैकी वऱ्हाडातील अनेकांच्या कागदावर ‘कुणबी’, म्हणजेच इतर मागासवर्गीय, अशी ओळख आली, तर मराठवाड्यातील बहुतेकांच्या कागदावर ‘मराठा’ अशी. पलीकडच्या मामेभावाकडे प्रमाणपत्र आहे आणि आपल्याकडे नाही, ही तुलना सीमेवरच्या तरुणाला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोचू शकते. आणि त्याच गावातील माळी, धनगर किंवा वंजारी कुटुंबाला आरक्षणातील आपला आधीच तोकडा असलेला वाटा आणखी विभागला जाईल ही भीती तितकीच खरी वाटते.

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी झालेल्या लाठीमारानंतर ही दोन्ही दुखणी रस्त्यावर आली. हिंगोलीत २६ नोव्हेंबर २०२३ रोजी ओबीसींची एल्गार सभा झाली आणि ६ जुलै २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांच्या शांतता रॅलीची सुरुवातही हिंगोलीतूनच झाली. सभा आणि मोर्चे हे लोकशाहीचे नित्य व्यवहार आहेत, त्यांत चिंतेचे काही नाही. चिंता सुरू होते ती मतभेद माणसावर उतरतो तेव्हा, म्हणजे अमक्या जातीच्या दुकानातून किराणा घ्यायचा नाही, तमक्याच्या लग्नाला जायचे नाही, असे ठरू लागते तेव्हा. समोरच्याच्या मतापेक्षा समोरच्याचाच तिटकारा वाढत जाणे, याला मानसशास्त्रात आणि राज्यशास्त्रात भावनिक ध्रुवीकरण म्हणतात.

अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाने काय करावे, याआधी त्याने काय करू नये हे ठरले पाहिजे. राजकीय मत हा आजार नाही, आणि न्याय्य मागणीची धार बोथट करणे हा उपचार नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत केल्यानंतर या भागात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या घटनेला ‘दोन गटांतील ताण’ म्हणून बाजूला सारणारा समुपदेशक तटस्थ ठरत नाही, तो पीडिताला पुन्हा एकटे पाडतो. जेथे एकाचे घर जळते तेथे आधी संरक्षण आणि कायदा हवा, संवाद नंतर.

मात्र जेथे दोन्ही बाजूंना वंचनेची जाणीव आहे, तेथे मराठीत उपलब्ध असलेले एक साधन फार उपयोगी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला हट्टाग्रही समज माणसाला अधिक पोळतो, हे तिचे मुख्य सूत्र आहे. ‘आरक्षण मिळावे’ ही इच्छा कितीही तीव्र असली तरी माणसाला कामाला लावते. ‘ते मिळालेच पाहिजे, नाहीतर जगण्यात अर्थ नाही आणि आडवे येणारे सगळेच नीच आहेत’ हा समज मात्र आधी झोप नेतो आणि पुढे शेजारही नेतो. समुपदेशक इच्छेला हात लावत नाही. तो त्या शेवटच्या दोन निष्कर्षांची अशिलाबरोबर शांतपणे तपासणी करतो, आणि एखाद्याचे कृत्य निषेधार्ह ठरवणे व त्याची सबंध जात वाईट ठरवणे यांतील फरक त्याच्याकडूनच वदवून घेतो. या बोलण्यातून बहुधा सोयाबीनचा पडलेला भाव, निघून चाललेले भरतीचे वय, न जुळणारे लग्न असे खाली दबलेले विषय वर येतात, आणि खरे काम तेथेच असते.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा शहरी पुस्तकांत फारशी होत नाही. समुपदेशकाचे आडनाव आणि गाव कळताच त्याची जात ओळखली जाते, त्यामुळे कोऱ्या पाटीसारखे बसणे त्याला शक्यच नसते. अशा वेळी ‘माझ्या आडनावामुळे तुम्हांला बोलायला अवघड वाटते का?’ असे सरळ विचारणे आणि हवे असल्यास दुसऱ्या सहकाऱ्याकडे जाण्याची मोकळीक देणे, हेच प्रामाणिक ठरते.

समूहासाठीचा एक अनुभव अमेरिकेतला आहे. कुटुंबोपचारतज्ज्ञ बिल डोहर्टी यांनी २०१६ च्या निवडणुकीनंतर ओहायो राज्यात दोन्ही पक्षांच्या मतदारांना एकत्र बसवले. त्यांच्या पद्धतीत एक गट आत गोल करून बसतो आणि दुसरा बाहेर बसून केवळ ऐकतो. आतल्यांनी आपल्या बाजूचे चांगले काय ते सांगायचे आणि आपल्याच बाजूविषयीच्या शंकाही बोलून दाखवायच्या असतात. स्वतःच्या बाजूची उणीव समोरच्याने मोकळेपणी मान्य केलेली ऐकली की ऐकणाऱ्याचा ताठा बराच उतरतो. आपल्याकडे २००७ पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत. त्या तडजोडीने तंटे मिटवतात, पण ऐकण्याची अशी बैठक त्यांनी गावच्या पारावर, निवडणुकीचा हंगाम टाळून, घ्यायला हरकत नसावी.

सर्वांत तातडीचे काम जीव वाचवण्याचे आहे, कारण आरक्षणाच्या प्रश्नावरून दोन्ही बाजूंच्या माणसांनी आयुष्य संपवल्याच्या घटना घडल्या आहेत. अशा मृत्यूला ‘बलिदान’ म्हणून फलकावर चढवले की दुसऱ्या निराश तरुणाला तीच वाट दिसते, हे नेत्यांना आणि पत्रकारांना स्पष्ट सांगणे हे मनोविकारतज्ज्ञांचे कर्तव्य आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये राज्याने ज्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यांत हिंगोली आणि वाशीम हे दोन्ही जिल्हे होते. घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकांकडून नैराश्याची लक्षणे टिपण्याची त्यातली रीत या प्रश्नालाही लागू पडते. पीक, कर्ज आणि झोप यांच्या चौकशीसोबत ‘गावात कोणाशी बोलणे तुटले आहे का?’ हा प्रश्नही आशाताईंनी विचारावा, आणि उत्तर काळजीचे असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा १४४१६ या टेली मानसच्या विनामूल्य क्रमांकाकडे त्या माणसाला जोडून द्यावे.