जपानी शिकणाऱ्याची साधने

परकी भाषा शिकावयाची म्हटली की पुस्तक, शब्दकोश आणि शिक्षक यांची प्रथम आठवण होते. जपानी भाषेच्या बाबतीत मात्र मराठी विद्यार्थ्याजवळ पहिले साधन आधीच असते. ते म्हणजे बालपणी पाठ केलेली वर्णमाला. जपानी मुले आपली अक्षरे 'अ, इ, उ, ए, ओ' या क्रमाने म्हणतात. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. हा क्रम भंडाऱ्याच्या मुलास ओळखीचा वाटला, तर नवल नाही. संस्कृत मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून बौद्ध भिक्षूंनी 'सिद्धम्' ही भारतीय लिपी चीनमार्गे जपानात नेली. कूकाई हा जपानी भिक्षू इ. स. ८०४ मध्ये चीनला गेला आणि ही विद्या घेऊन ८०६ मध्ये परतला. अशा अभ्यासातूनच तेथील अक्षरांस आपल्या वर्णमालेचा क्रम लाभला. न आणि म यांच्यामध्ये ह कसा, अशी शंका चाणाक्ष वाचकास येईल. प्राचीन जपानीत तेथे प होता. उच्चार पालटला, जागा पालटली नाही.

वाक्यरचनाही आपल्यासारखीच आहे. 'मिझु ओ नोमिमास' म्हणजे 'पाणी पितो', क्रियापद शेवटी. 'भंडाऱ्याहून आलो' यास 'बान्दारा कारा किमाशिता' म्हणतात. 'हून'प्रमाणेच 'कारा' हा शब्द नामाच्या मागून येतो. भंडाऱ्याचा बान्दारा का झाला? जपानीत भ नाही आणि ड हा मूर्धन्य वर्णही नाही. ल नसल्यामुळे लाखनीचा आरंभही र ने होतो. ह्रस्व-दीर्घाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. 'ओजिसान' म्हणजे काका, आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा! शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. ती काही आठवड्यांत येतात. खरा डोंगर पुढे आहे, तो चिनी चित्राक्षरांचा; त्यांस 'कांजी' म्हणतात. नित्य व्यवहारासाठी २,१३६ कांजी ठरविलेली आहेत. त्यांपैकी १,०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. घोकंपट्टीपेक्षा येथे निरीक्षण अधिक उपयोगी पडते. चौकोन काढून आत अधिक चिन्ह घातले की 'ता', म्हणजे धानाचे शेत, असे अक्षर होते. धुऱ्यांनी विभागलेल्या आपल्या बांध्या उंचावरून अशाच दिसतात. झाडाचे चिन्ह दोनदा लिहिले की रान, तीनदा लिहिले की घनदाट अरण्य. रेघांचा क्रम ठरलेला असतो: वरून खाली, डावीकडून उजवीकडे. यासाठी चौकटींची वही हे स्वस्त आणि उत्तम साधन होय.

दुसरे साधन पुठ्ठ्याच्या तुकड्यांचे. एका बाजूस अक्षर, दुसऱ्या बाजूस अर्थ लिहावा. आठवलेले पान चार दिवसांनी, विसरलेले उद्याच पाहावे. 'आंकी' नावाची संगणकप्रणाली हेच काम करते, आणि तिच्या नावाचा जपानीतील अर्थ 'पाठांतर' असाच आहे. 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक अनेक वर्गांत वापरतात. परंतु पुस्तकातून उच्चार ऐकू येत नाहीत, म्हणून ध्वनिमुद्रण हवेच.

साधनांच्या अभावी काय होते, हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडिवाट गावी दिसून आले. २०१९ साली तेथील जिल्हा परिषद शाळेने मुलांना कोणती परकी भाषा शिकावयाची, असे विचारले. यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांची ओढ असल्याने बहुतेकांनी जपानी निवडली. शाळेजवळ ना पुस्तक होते, ना शिक्षक. शिक्षकांनी आंतरजालावरील चित्रफितींचा आधार घेतला. २०२० च्या टाळेबंदीत शहरातील एका जाणकाराने विनामूल्य दूरस्थ वर्ग चालविले. पुष्कळ घरी स्मार्ट भ्रमणध्वनी नव्हता. तेव्हा वर्गात बसलेली मुले 'विषयमित्र' झाली आणि शिकलेले इतरांना शिकवू लागली. या मुलांची निवड धाडसाची, आणि विषयमित्रांची युक्ती तर सर्व साधनांहून सरस ठरली.

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने महास्तूप उभा राहिला आहे. तेथे येणाऱ्या जपानी पाहुण्यास 'कोन्निचिवा' म्हणावे. त्याचे नाव घेताना पुढे 'सान' जोडावे. आपला 'जी' तसाच तो. स्वतःच्या नावास मात्र 'सान' लावीत नाहीत.