दोन ब्रॅकेट सारखे का नसतात?

खिडकीचा रोलर पडदा तुम्ही पाहिला असेल. शाळेच्या कार्यालयात, दवाखान्यात, अलीकडे पुष्कळ घरांतही तो असतो. खाली ओढला की उलगडतो आणि हलकासा हिसका दिला की आपोआप वर गुंडाळला जातो. हा पडदा ज्या दोन ब्रॅकेटांवर टेकलेला असतो त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आज संधी मिळाली तर नीट पाहा. एका ब्रॅकेटला गोल भोक असते आणि दुसऱ्याला उभी, अरुंद खाच. एकाच पडद्याचे दोन आधार, मग ते सारखे का नाहीत? शिवाय ब्रॅकेटच्या पट्टीत स्क्रूसाठी भोके असतात, तीही पुष्कळदा गोल नसून लांबट असतात. ती तशी का?

हे प्रश्न मलाही पडले नव्हते. ते पडायला एक पडदा पडावा लागला!

असोद्याची खिडकी

जळगावजवळचे असोदा हे गाव तुम्हांला बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. त्यांचा जन्म १८८० साली येथे झाला. याच गावात माझ्या बहिणीचे सासर आहे. घर जुने, धाब्याचे. भिंती मातीच्या, दोन फूट जाडीच्या. तिच्या सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि त्यांची खाट पश्चिमेच्या खोलीत टाकली. महिना मे. खानदेशात त्या दिवसांत पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. दुपारी तीननंतर ऊन सरळ खिडकीतून आत येई आणि आबांना डोळे उघडवत नसत.

उन्हाला काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर भर दुपारी सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. चारच्या सुमारास सूर्य उतरलेला असतो आणि किरण तिरपे येतात, तरी पश्चिमेच्या एक चौरस मीटर खिडकीतून ५०० वॉटच्या आसपास ऊर्जा आत येते. म्हणजे अर्ध्या किलोवॉटची शेगडीच कोणी खोलीत पेटवून ठेवली म्हणा ना!

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, तेव्हा पडदा लावण्याचे काम माझ्याकडे आले. रोलर १२० सेंटिमीटर लांब, कापड १५० सेंटिमीटर, एकूण वजन २ किलोग्रॅम. ब्रॅकेट मागेपुढे सरकवता येणारे होते. खिडकीच्या फळीवर आबांचा तांब्या आणि औषधांच्या बाटल्या असत; त्यांना पडदा लागू नये म्हणून मी ब्रॅकेटचा हात चांगला ९ सेंटिमीटर पुढे ओढला. छतापासून दोन्हीकडे सारखे अंतर मोजले, भिंतीत स्क्रू बसवले आणि चहा घेऊन जळगावला परतलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. पडदा वर जाताना अडकला, नववीतल्या भाच्याने तो सोडवण्यासाठी कोपरा धरून ओढला आणि अख्खा रोलर खाली आला. आबांच्या उशीपासून हातभर अंतरावर! सुदैवाने कोणाला लागले नाही. पण ताजे ऑपरेशन झालेला डोळा आणि दोन किलोंचा दांडा, या विचाराने मला रात्री झोप आली नाही.

चूक पहिली : छतावर विश्वास

जुने धाबे कालांतराने एका बाजूला थोडे खचते. माझी दोन्ही अंतरे छतापासून सारखी होती, पण छतच आडवे नव्हते. पुढे मोजले तेव्हा एक ब्रॅकेट दुसऱ्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली भरला. १२० सेंटिमीटरमध्ये १.५, म्हणजे चढ ८० ला १. कोनात सांगायचे तर एक अंशही नाही. एवढ्याने काय बिघडते?

असे पाहा. कापड आणि खालची पट्टी गुरुत्वाकर्षणामुळे सरळ खाली, ओळंब्याच्या रेषेत लोंबू पाहतात. रोलर मात्र कापडाला स्वतःच्या अक्षाशी काटकोनात गुंडाळतो. रोलर आडवा असेल तर या दोन दिशा एकच असतात. तो कलला की त्यांच्यात तेवढाच कोन पडतो आणि प्रत्येक वेढ्याबरोबर कापडाची कड थोडी थोडी बाजूला सरकत जाते. १५० सेंटिमीटर कापड गुंडाळले जाईपर्यंत ही सरक १५० भागिले ८०, म्हणजे जवळजवळ १.९ सेंटिमीटर होऊ शकते. कापडाच्या कडेला मोकळी जागा होती अवघी १ सेंटिमीटर. तेव्हा कड ब्रॅकेटवर घासून अडकली यात नवल ते काय?

आता लांबट भोकांचा उपयोग ध्यानात येईल. त्या भोकात स्क्रू अर्धवट आवळून ब्रॅकेट वरखाली सरकवता येतो आणि पातळी साधली की स्क्रू घट्ट करता येतो. घट्ट आवळलेल्या स्क्रूमुळे पट्टी भिंतीवर दाबली जाते आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण ब्रॅकेटला जागचे हलू देत नाही. पण सोय असूनही तिचा उपयोग न करणाऱ्याला कोण काय करणार!

चूक दुसरी : लांब हात

ब्रॅकेट ही एक प्रकारची तरफच आहे. तिचा टेकू म्हणजे पट्टीची भिंतीला टेकलेली खालची कड. रोलरचे वजन ब्रॅकेटला त्या कडेभोवती पुढे झुकवू पाहते आणि वरचा स्क्रू त्याला मागे धरून ठेवतो. पाठ्यपुस्तकात तुम्ही शिकता की दोन्ही बाजूंचे बल गुणिले अंतर सारखे असले पाहिजे.

गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू. रोलरचे वजन २० न्यूटन, म्हणजे प्रत्येक ब्रॅकेटवर १० न्यूटन. हात ९ सेंटिमीटर, आणि वरचा स्क्रू खालच्या कडेपासून ४.५ सेंटिमीटर उंचीवर होता. म्हणून

स्क्रूवरील ओढ × ४.५ = १० × ९

ओढ आली २० न्यूटन. हे काही फार नाही. पण भाच्याने कोपरा धरून दिलेला हिसका १०० न्यूटनांचा धरा (दहा किलोंचे गाठोडे उचलायला एवढेच बल लागते) आणि तो जवळजवळ सगळा एकाच ब्रॅकेटवर आला असे समजा. आता ब्रॅकेटवर ११० न्यूटन आणि स्क्रूवर त्याच्या दुप्पट, २२० न्यूटन. बावीस किलोंचे वजन मातीच्या भिंतीतल्या एका स्क्रूला लटकवल्यासारखे झाले. स्क्रू निघाला नसता तरच आश्चर्य!

हात पुढे सरकवण्याची सोय फुकट मिळत नाही, हे तात्पर्य. अंतर दुप्पट केले की स्क्रूवरील ओढही दुप्पट होते.

पाण्याला विचारा

रविवारी मी पुन्हा असोद्याला गेलो. या वेळी गावातल्या एका वयस्क सुतारमिस्त्रींना बोलावले होते. मी टेप घेऊन पुन्हा छताकडे पाहू लागलो तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, छताले काय पुसता? पाण्याले पुसा!"

त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरले आणि तिची टोके खिडकीच्या दोन बाजूंना धरली. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी सारख्या पातळीला राहते, हा तुमच्या पुस्तकातला नियम. गवंडी आणि सुतार तो रोज वापरतात. नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढे पथ्य. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने खूण केली की झाले.

मग त्यांनी खिडकीच्या वर १५ सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी आडवी ठोकली. भिंतीत खोल लाकडी गुटके बसवून लांब स्क्रूंनी ती आवळली. वरचे स्क्रू फळीच्या खालच्या कडेपासून १२ सेंटिमीटर उंचीवर आले. तांब्या आणि बाटल्या कोनाड्यात गेल्या, त्यामुळे ब्रॅकेटचा हात ६ सेंटिमीटरपर्यंत आत घेता आला. पुन्हा तोच हिसका बसला असे धरून हिशेब करा : ११० गुणिले ६ भागिले १२, म्हणजे ५५ न्यूटन. पूर्वीच्या चौथा हिस्सा, आणि तोही फळीच्या अनेक स्क्रूंत वाटलेला! ब्रॅकेटचे छोटे स्क्रू आता मातीत नसून सागाच्या लाकडात होते. तेथे त्यांच्या आट्यांची पकड पक्की बसते.

गोल भोक आणि उभी खाच

भाचा रोलर हातात घेऊन उभा होता. त्याने विचारले, "मामा, याचं एक टोक गोल आणि दुसरं चपटं का?"

या प्रश्नात पडद्याचे मर्म आहे. पोकळ रोलरच्या आत एक लांब स्प्रिंग असते. तिचे एक टोक रोलरला जोडलेले आणि दुसरे चपट्या खिळीला. चपटी खिळी ब्रॅकेटच्या खाचेत बसली की तिला फिरता येत नाही. पडदा खाली ओढताना रोलर फिरतो, खिळी स्थिर राहते, म्हणून स्प्रिंगला पीळ बसतो. आपण केलेले कार्य तिच्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते आणि तीच ऊर्जा पुढे पडदा वर नेते. चपटी खिळी गोल भोकात घातली तर? तीही रोलरबरोबर फिरेल, पीळ बसणारच नाही आणि पडदा खाली राहील. गोल टोकाला मात्र फिरण्यापुरताच आधार हवा असतो. म्हणून एक ब्रॅकेट फिरू देणारा आणि दुसरा न फिरू देणारा!

मग मध्येच सोडलेला पडदा थांबतो कसा? चपट्या खिळीवर खाचा असतात आणि रोलरच्या टोकाशी छोटी, सैल खिटी असते. रोलर सावकाश फिरत असेल तर वर आलेली खिटी स्वतःच्या वजनाने खाचेत पडते आणि रोलर अडतो. वेगाने फिरत असेल तर ती पडत नाही. पाण्याचा तांब्या वेगाने उभा फिरवला तर तो उलटा झाला तरी पाणी सांडत नाही, तसाच हा प्रकार. वर्तुळात फिरणाऱ्या खिटीला केंद्राकडे जे त्वरण लागते ते गुरुत्व त्वरणाहून जास्त झाले की नुसते वजन तिला आत ओढू शकत नाही. खिटी अक्षापासून १ सेंटिमीटरवर धरली तर हिशेबाने ही सीमा सेकंदाला सुमारे ५ फेऱ्या येते. थांबलेल्या पडद्याला हलका हिसका देऊन सोडला की तो का सुटतो, हे आता तुम्हीच सांगा.

आपोआप गुंडाळणाऱ्या अशा रोलरचे पेटंट अमेरिकेत स्ट्यूअर्ट हार्टशॉर्न यांनी १८६४ साली घेतले. त्यात वीज नाही, मोटर नाही. एक स्प्रिंग, एक खिटी आणि गुरुत्वाकर्षण, बस्स.

आणखी एक गोष्ट. दोन ब्रॅकेटांमधले अंतर रोलरला घट्ट आवळणारे नसावे. १२० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी तापमान ३० अंशांनी वाढले तर सुमारे ०.८ मिलिमीटर लांब होते. दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली की काम भागते. फार ठेवली तर खिळी भोकातून निसटेल. मोठ्या लोखंडी पुलांचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते ठेवतात, त्यामागेही हेच कारण आहे.

घरी करून पाहा

एका पेन्सिलीला वहीच्या कागदाची लांब, अरुंद पट्टी चिकटवा. खालच्या टोकाला दोन टाचण्या वजन म्हणून लावा. पेन्सिल अगदी आडवी धरून पट्टी गुंडाळा, मग एक टोक थोडे उचलून पुन्हा गुंडाळा. कड कोणत्या बाजूला सरकते? कल दुप्पट केला तर सरक किती वाढते? मोजून वहीत लिहा. मी उत्तर सांगत नाही.

शाळेतला किंवा घरातला पडदा पाहताना मात्र तीन गोष्टी तपासा. वरचा स्क्रू हाताला सैल लागतो का? ब्रॅकेटचा हात गरजेपेक्षा पुढे आहे का? आणि पडदा लोंबत्या साखळीने चालणारा असेल तर तिचा फास भिंतीला ताणून बसवला आहे का? अशा लोंबत्या दोऱ्या आणि साखळ्या गळ्यात अडकून अनेक देशांत लहान मुलांचे जीव गेले आहेत. घरात लहान भावंड असेल तर ही तपासणी आजच करा.

असोद्याच्या खोलीतली उष्णता या पडद्याने सगळी गेली नाही, हेही सांगायला हवे. आतल्या पडद्याने शोषलेली उष्णता खोलीतच राहते. बाहेरून लावलेला वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा ऊन बाहेरच अडवतो, म्हणून तो अधिक गार. तो पुढच्या उन्हाळ्यात लावायचा बेत आहे.

पण त्या दिवशी चार वाजता पडदा सरळ खाली आला आणि जिथे सोडला तिथेच थांबला. आबांनी हळूच डोळ्यांवरचा हात काढला. म्हणाले, "पाव्हणे, आता ऊन डोयाले लागत नाही." माझ्या एम.एस्सी.ला एवढी पावती पुरेशी होती. तिच्यातला निम्मा वाटा मिस्त्रींच्या पाण्याच्या नळीचा, हे मात्र मी विसरलेलो नाही.