सोयाबीनपेक्षा कमी मुदतीचा प्रशिक्षक

जे.एस. ३३५ हे सोयाबीनचे वाण चिखली-मेहकर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. पेरल्यापासून पंचाण्णव-शंभर दिवसांत ते कापणीला येते. चाळिसाव्या दिवशी शेंगा दिसत नाहीत म्हणून उभ्या पिकात कुणी नांगर घालत नाही. इंडियन सुपर लीग या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला, म्हणजे सगळे मिळून सत्तर दिवस. उपांत्य फेरी न गाठलेल्या संघांचा कारभार तर साठेक दिवसांतच आटोपला. तेवढ्यात परदेशातून आलेल्या प्रशिक्षकाने पंचवीस अनोळखी खेळाडू ओळखायचे, त्यांना एका साच्यात बसवायचे, १४ साखळी सामने खेळायचे आणि निकाल दाखवायचा होता. बुलढाणा जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही आणि आपल्याकडे चावडीवरची चर्चा क्रिकेटपाशी सुरू होऊन कबड्डीपाशी संपते, हे खरे. पण नव्या माणसाला किती दिवस द्यायचे हा प्रश्न कुणालाच परका नाही, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यात, पुण्याच्या बालेवाडीत घडून गेले आहे.

एफसी पुणे सिटी हा क्लब २०१४ ते २०१९ असे पाच हंगाम खेळला. पहिल्या वर्षी इटलीचे फ्रँको कोलोम्बा प्रशिक्षक होते. संघ सहावा आला. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट आले, संघ सातवा. तिसऱ्या वर्षी पहिल्या हंगामाचा विजेता प्रशिक्षक अंतोनिओ हबास यांना कोलकात्याहून आणले, तरी संघ सहावाच. चौथ्या वर्षी रान्को पोपोविच आले आणि पुणे पहिल्यांदाच चौथ्या क्रमांकावर, उपांत्य फेरीत पोहोचले. इथे तरी थांबायला हवे होते. पण पाचव्या हंगामाला स्पेनचे मिगेल आंगेल पोर्तुगाल उभे होते, आणि तीन सामन्यांनंतर तेही निघाले. मध्ये प्रद्युम रेड्डी यांनी गाडा ओढला आणि शेवटी फिल ब्राऊन आले. पाच हंगाम आणि सात माणसे. यातला प्रत्येक जण फुटबॉलचे आपापले वळण घेऊन आला, प्रत्येकाला वेगळ्या धाटणीचे खेळाडू हवे होते आणि आदल्याने निवडलेले निम्मे त्याच्या कामाचे नव्हते. म्हणजे दरवर्षी जुने बियाणे फेकून नवे विकत घ्यायचे आणि जमीन तीच ठेवायची. २०१९ मध्ये क्लबच उरला नाही. पैशाची गणिते त्यामागे होतीच, पण पाच वर्षांत क्लबाला स्वतःचा म्हणावा असा खेळ सापडला नव्हता, हेही विसरता येत नाही.

मालक इतके उतावीळ का होतात? पराभवाचा आवाज मोठा असतो म्हणून. फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ आहे. नव्वद मिनिटे वरचढ खेळून संघ एका कॉर्नरवर हरतो, आणि खांबाला लागून आत गेलेला एक चेंडू दोन संघांत तीन गुणांचे अंतर पाडतो. क्रिकेटमध्ये तीनशे धावांच्या गर्दीत नशीब बरेचसे विरघळून जाते. इथे ते एकाच गोलात दाटून बसते. त्यामुळे पाच-सहा सामन्यांवरून प्रशिक्षकाची पारख करणे म्हणजे भेंडवळची घटमांडणी आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या शेतात अक्षय्य तृतीयेला अठरा धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. तिथे निदान ती श्रद्धा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. क्लबाच्या कचेरीत तिला विश्लेषण म्हणतात.

प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो, असा अनुभव मात्र बरेच जण सांगतात आणि तो खोटा नसतो. फसगत त्याच्या अर्थात आहे. नेदरलँड्सच्या अव्वल लीगच्या १४ हंगामांची आकडेवारी दोन डच अर्थतज्ज्ञांनी तपासली. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक काढलेल्या संघांचे निकाल पुढे सुधारले होते. मग त्यांनी तितक्याच वाईट घसरणीतून गेलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ शेजारी ठेवले. तेही जवळजवळ तेवढेच सुधारले होते. ताप उतरायच्या बेतात असताना अंगारा लावला की श्रेय अंगाऱ्याला जाते, तसलाच हा प्रकार.

प्रशिक्षकाला वेळ देण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते मैदानाजवळ गेल्याशिवाय दिसत नाही. समजा, नव्या प्रशिक्षकाला गोलरक्षकापासूनच छोट्या पासांनी खेळ उभा करायचा आहे. चेंडू गोलरक्षकाच्या पायाशी. दोन्ही सेंटर बॅक पेनल्टी क्षेत्राच्या दोन टोकांना फाकतात, मधला मिडफिल्डर त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत खाली उतरतो, आणि उजवा बचावपटू चेंडू यायच्या आधीच बाजूच्या रेषेने वर सुटलेला असतो. हे ‘आधीच’ जमायला महिने लागतात, कारण त्याच्या पायांना वर्षानुवर्षे मागे थांबायची सवय आहे. तो दोन पावले उशिरा निघाला, की पास द्यायला जागा उरत नाही, समोरचा स्ट्रायकर अंगावर येतो, चेंडू हिसकावला जातो आणि गोल बसतो. पुढच्या वेळी सेंटर बॅक घाबरून चेंडू लांब फेकतो आणि महिनाभराची तालीम पाण्यात जाते. म्हणजे नवी पद्धत शिकताना संघ आधी जास्त हरतो आणि मग जिंकू लागतो. नेमक्या त्या उतारावर प्रशिक्षकाला काढले, तर शिकण्याची सगळी किंमत मोजून शिक्षण मात्र पदरात पडत नाही. पुण्याने हा व्यवहार पुन्हा पुन्हा केला.

पुण्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आले. बरेच खेळाडू आणि फिल ब्राऊनही तिकडे गेले. बारा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ब्राऊन यांना निरोप देण्यात आला आणि संघ १८ सामन्यांत १० गुणांसह तळाला राहिला. त्यानंतर मानोलो मार्केझ आले. त्यांच्या पहिल्या हंगामात संघ पाचवा आला, बाद फेरी हुकली. पुण्यात एवढ्यावर तिकीट निघाले असते. हैदराबादने त्यांना ठेवले. आकाश मिश्रासारखी कोवळी पोरे ते रोज खेळवत होते, हे क्लबाला दिसत होते. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हा संघ विजेता झाला आणि पुढच्या हंगामात साखळीत दुसरा आला. मुंबई सिटीचीही गोष्ट अशीच आहे. डेस बकिंगहॅम ऑक्टोबर २०२१ मध्ये आले, हंगाम तोंडावर होता, आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ पाचवा आला. त्यांनाही थांबू दिले गेले. २०२२-२३ मध्ये त्याच मुंबईने सलग १८ सामने न हरता, २० सामन्यांत ५४ गोल आणि ४६ गुण मिळवून, साखळीत पहिले येऊन लीग शील्ड जिंकली. दोघांनाही पाचव्या क्रमांकानंतर जे मिळाले त्याला माझ्या मते फारसे तत्त्वज्ञान लागत नाही: हंगामाआधीची एक पूर्ण तयारी, आणि आपल्या पसंतीचे खेळाडू घ्यायची एक खिडकी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सर्जिओ लोबेरा यांनी मुंबईत पहिल्याच हंगामात, २०२०-२१ मध्ये, शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, मग वेळ कशाला हवा? पण लोबेरा मुंबईत एकटे आले नव्हते. अहमद जाहू, मुर्तादा फाल, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे गोव्यात त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडूही मुंबईत दाखल झाले. वर सांगितलेला तो खाली उतरणारा मिडफिल्डर म्हणजे जाहूच. २०१७ पासून जवळजवळ तीन हंगाम एफसी गोवाने ती घडी बसवू दिली होती आणि ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्याच्या वरच्या टोकाला असताना, लोबेरांना दूर केले. तीनच आठवड्यांत गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली त्या संघाने शील्ड जिंकली. लोबेरांनी बांधलेला संघ त्यांच्याविनाही चालला, यातच वेळेचा गुण दिसतो. झाड गोव्याने वाढवले, दुसरा बहर मुंबईने तोडला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. संयमाच्या नावाखाली नालायकीही पोसली जाते. अॅलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण या वादात दर खेपेला काढतात: नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले, पहिला करंडक मे १९९० मध्ये. पण चार वर्षे मिळूनही ज्यांनी काहीच केले नाही, त्यांची नावे कुणाच्या लक्षात नाहीत, म्हणून हा दाखला अर्धाच पुरावा आहे. झिको यांना गोव्याने तीन हंगाम दिले. दुसऱ्यात ते अंतिम सामन्यात होते आणि तिसऱ्यात संघ सर्वांत खाली. इगोर स्टिमाच २०१९ पासून जून २०२४ पर्यंत भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. २०२३ मध्ये संघाने तीन स्पर्धा जिंकल्या, त्यांचा करार वाढवला गेला, आणि जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला. तेव्हा माझे म्हणणे ‘वाट पाहत राहा’ असे नाही. दोन पूर्ण हंगाम द्यावेत आणि मोजणी पहिल्या पूर्ण तयारीपासून करावी; अर्ध्या हंगामात आलेल्याचे ते अर्धे वर्ष हिशोबात धरू नये. त्याआधी काढायचेच, तर कारण गुणतक्त्यात शोधू नये. खेळाडूंनी त्याचे ऐकणे सोडले, सरावाला शिस्त राहिली नाही, कोवळा खेळाडू सहा महिन्यांत जराही पुढे सरकला नाही, तर दोन महिन्यांतही निरोप द्यावा. युरोपातल्या मालकाला खालच्या लीगमध्ये ढकलले जाण्याची, म्हणजे कोट्यवधींच्या नुकसानीची, भीती तरी असते. पुण्याचा क्लब होता तोवर सुपर लीगमधून कुणी खाली जातच नव्हते. मग सात माणसे बदलायची घाई कशाची होती, याचे उत्तर मला तरी सापडत नाही. आणि संयमाने पगार होत नाहीत, हेही कबूल करायला हवे: मार्केझ गेल्यावर पैशाच्या चणचणीत सापडलेले हैदराबाद २०२३-२४ मध्ये पुन्हा तळाला गेले.

राहतो प्रश्न मोजपट्टीचा. आठवा क्रमांक वाईट की चांगला, हे क्लबाच्या थैलीकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कोरडवाहू शिवारातल्या एकरी सहा क्विंटलची तुलना बारमाही विहिरीच्या दहा क्विंटलशी कुणी करत नाही. पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील यांची मुंबईतली कारकीर्द या फुटपट्टीने मोजण्यासारखी आहे. २००९ पासून २०१६ पर्यंत ते मुंबई एफसी या क्लबाचे प्रशिक्षक होते. हाताशी पैसा बेताचा, समोर गोवा-कोलकात्याचे गबर क्लब. सात वर्षांत एक करंडक नाही, पण आय-लीग या तेव्हाच्या अव्वल लीगमधून संघ एकदाही खाली गेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे जैसे थे वाटे, आणि सात वर्षे पुरे झाली असे क्लबाला वाटणेही समजण्यासारखे होते. जमील तिथून ऐझॉलला गेले. तोही गरीब क्लब, आदल्याच वर्षी पदावनतीच्या जागेवर संपलेला आणि नंतर लीगमध्ये परत घेतला गेलेला. मुंबईच्या मैदानांवर तयार झालेले जयेश राणे, आशुतोष मेहता त्या संघात होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून ऐझॉल भारताचा विजेता झाला. त्याच हंगामाच्या गुणतक्त्यात सर्वांत खाली, दहाव्या क्रमांकावर, मुंबई एफसीचे नाव होते.