बरव्यांच्या वह्या

घड्याळ, पिंपळपान, सेफ्टी पिन, शिंपला. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत अशा साध्या, ओळखीच्या वस्तू भेटतात. पण मोकळ्या अवकाशात, एकमेकींपासून अंतर राखून.

या चित्रांचं मूळ वह्यांत आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले बरवे वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत. एखादा आकार काढायचा, शेजारी मराठीत टिपण करायचं, पुन्हा तोच आकार थोडा बदलून बघायचा. स्फूर्तीची वाट बघत बसणारा हा माणूस नव्हे!

पोटापाण्यासाठी त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. १९६१ च्या सुमारास ते बनारसला गेले आणि तिथे तंत्रमार्गी कलेच्या प्रभावाखाली आले. पुढे त्यांनी एनॅमल रंग जवळ केले. दारं-खिडक्यांना लावतात तो हा रंग. पसरून सपाट होतो, ब्रशचा माग फारसा ठेवत नाही.

वह्यांतल्या चिंतनातूनच १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. चित्रकाराने स्वतःच्या कामाविषयी इतकं नितळ मराठी क्वचितच लिहिलंय.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या हाती ते जरूर द्यावं. सोबत एक कोरी वहीही.